दावणीचा जमाखर्च

खानदेशाचे नाव काढले की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे रावेर-यावलच्या केळीच्या बागा, तापीकाठची कपाशीची काळी राने, बामणोदची भरिताची वांगी आणि फार तर वैशाखातले पंचेचाळीस अंशांचे ऊन उभे राहते. परंतु धुळ्याहून साक्रीकडे, पारोळ्याहून अमळनेरकडे किंवा चाळीसगावाहून पाटणादेवीच्या डोंगराकडे जाणाऱ्या एखाद्या आडरस्त्याने सकाळच्या प्रहरी निघावे, म्हणजे ज्या जनावराच्या आधारावर या प्रांतातील अल्पभूधारक व भूमिहीन घरांचा संसार पिढ्यान्‌पिढ्या तगून राहिला आहे, ते जनावर रस्ता अडवून, मोटारीच्या कर्ण्याची यत्किंचितही पर्वा न करता, कुंपणावरच्या बोरीला तोंड लावून उभे असलेले दिसते. बैलाचा मान त्याला नाही. पोळ्याच्या दिवशी त्याच्या शिंगांना कोणी बेगड लावीत नाही, की गाईसारखी त्याची कोणी पूजाही करीत नाही. ग्रंथांत त्याला शेळी म्हणतात, खानदेशच्या घरांत मात्र ती बकरीच. तेव्हा येथेही तिला तेच नाव चालवू.

हा प्रांत मुळातच पशुपालांचा. नाशिकच्या पांडवलेण्यात ज्याच्या कारकिर्दीचा शिलालेख आहे तो ईश्वरसेन राजा आभीर होता, आणि अहिराणी बोली बोलणारा मुलूख आजही त्या आभीरांचेच नाव वागवितो. साक्री-शिंदखेड्याकडील ठेलारी मंडळी पावसाळा सरला की मेंढ्यांचे कळप घेऊन आणि घोड्यांवर बिऱ्हाड लादून दूरदूरच्या शिवारांत उतरतात. त्या फिरस्त्या कळपांची कथा निराळी आणि मोठी आहे. मला सांगावयाचे आहे ते एका जागी राहणाऱ्या, दोन-तीन एकर कोरडवाहू जमीन असलेल्या किंवा तीही नसलेल्या घराच्या परसातील आठ-दहा बकऱ्यांविषयी. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ६ लक्ष शेळ्यांची मोजदाद झाली. त्यांतील कितीतरी अशाच परसांत, कुडाच्या आडोशाला किंवा पत्र्याच्या पडवीत बांधलेल्या असणार. सरकारी कागदपत्रांत या उद्योगाला 'जोडधंदा' अशी संज्ञा आहे. ज्या घरात तो चालतो तेथे मात्र इतर सर्व धंदेच बकऱ्यांच्या वेळापत्रकाला जोडून घ्यावे लागतात.

हे वेळापत्रक कसे असते ते जरा तपशिलाने पाहण्यासारखे आहे. तांबडे फुटण्यापूर्वीच दावणीत हालचाल सुरू होते, आणि "ऊठ वो बाई, बकऱ्या वरडी ऱ्हायन्यात" या सासूच्या हाकेने सुनेचा दिवस उघडतो. पहिले काम लेंड्या झाडण्याचे. रात्रभरात पडलेल्या लेंड्या खराट्याने लोटून, पाटीत भरून, परसाच्या टोकाला केलेल्या खड्ड्यात टाकावयाच्या आणि मुताने भिजलेल्या जागी कोरडा मुरूम किंवा राख पसरावयाची. कारण बकरी उन्हातान्हात दिवसभर हिंडेल, परंतु ओल तिला सोसत नाही, आणि ओल्या जमिनीवर चार रात्री काढल्या की खूर नासावयास सुरुवात होते. मग डालग्याखाली झाकून ठेवलेली करडे मोकळी सोडावयाची. करडे आयांकडे धावतात तो क्षण मोठ्या गोंधळाचा दिसतो खरा, पण त्या गोंधळातही प्रत्येक करडू नेमक्या आपल्याच आईपाशी पोहोचते, आणि चुकून दुसरीकडे गेलेच तर ती बकरी त्याला हुंगून शिंगाने बाजूला सारते. घरातली बाई या वेळी स्वस्थ बसलेली नसते. कोणते करडू जोराने ढुशा देत आहे, कोणते दोन घोट घेऊन बाजूला झाले, कोणत्या बकरीने रात्रीचा पाला तसाच ठेवला, कोणाचे कान पडले आहेत, कोणाची केसाळी उभी राहिली आहे, हे सर्व ती धार काढता काढता टिपीत असते. एखादीविषयी संशय आला तर तिच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढून पाहावयाची. आतला भाग लालसर असला तर ठीक, पांढरट दिसला तर पोटात जंत झाले असे समजावे. ही परीक्षा पशुवैद्यकाच्या पुस्तकातही दिलेली आहे, परंतु ज्या बाईने ते पुस्तक पाहिलेले नाही तिच्या अंगठ्यालाही ती अवगत असते.

दूध म्हणाल तर फार नाही. गावठी बकरी करडांचा वाटा ठेवून पावशेर-अर्धा शेर देईल. त्यात घरचा दोन वेळचा चहा होतो आणि लहान मुलाची वाटी भरते. १९१९ च्या आजारपणात कस्तुरबांच्या युक्तिवादापुढे हार मानून बकरीच्या दुधाला राजी झालेले गांधीजी पुढे १९३६ च्या डिसेंबरात याच प्रांतात, फैजपूरला, खेड्यात भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनासाठी येऊन राहिले होते. त्या थोर योगाने बकरीच्या दुधाला जी प्रतिष्ठा लाभली ती पुस्तकांतच अधिक राहिली, बाजारात नाही. दूध उग्र लागते अशी तक्रार शहरी माणूस करतो. बोकड दुभत्या बकऱ्यांपासून दूर बांधला आणि धार काढण्यापूर्वी कास धुतली, तर ती तक्रार पुष्कळशी मिटते. पण दूर बांधावयाला परस तेवढे मोठे असावे लागते.

भाकरी थापून झाल्या की बकऱ्या सुटतात. त्यांच्यामागे कोण जाणार हा प्रश्न रोज सकाळी नव्याने सोडवावा लागतो. घरात थकलेले पण हिंडतेफिरते आजोबा असले तर ते जातात. नसले तर मोठी माय जाते. सुटीचा दिवस असला तर पोर जाते, आणि शाळेचा दिवस असूनही पोरच जाते अशी घरेही आहेत, हे लिहावयास बरे वाटत नसले तरी लिहिले पाहिजे. कळण्याची भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून, पाण्याची बाटली आणि टोकाला कोयती बसविलेली आकडी खांद्यावर टाकून निघालेला तो बकऱ्यांचा धनी बाभळी-हिवराच्या फांद्या खाली ओढीत, बोरी-खैराच्या झुडपांतून वाट काढीत, इतरांच्या पिकात एकही तोंड जाणार नाही इकडे डोळ्यांत तेल घालून पाहत, संध्याकाळपर्यंत सहज दोन-तीन कोस चालतो. कुणाच्या कपाशीत बकरी शिरली की भांडण ठरलेले. १८७१ च्या कायद्याने गुरांबरोबर शेळ्या-मेंढ्यांनाही कोंडवाड्याचा धाक घातला. तो कोंडवाडा आज बहुतेक गावांत पडीक असला तरी बांधावरचा न्याय काही पडीक झालेला नाही. वैशाखात हाच दिवस दोन तुकड्यांत वाटला जातो. दहा-अकराच्या आत कळप घरी, मग निंबाच्या सावलीत रवंथ, आणि उन्हे कलल्यावर पुन्हा बाहेर.

वर्षाचेही असेच एक चक्र आहे. पावसाळ्यात चारा मुबलक पण धोके तितकेच. कोवळी ज्वारी पावसाच्या ओढीने सुकून गेली असता बकरीने पोटभर खाल्ली, तर तिच्यातील विषाने ती तासाभरात आडवी होऊ शकते. पहिल्या हिरव्या लुसलुशीत गवतावर आंत्रविषाराची साथ उठते, आणि त्यासाठी मिरगाच्या आत लस टोचून घ्यावी लागते. पीपीआर या नावाने ओळखली जाणारी बुळकांडीसारखी साथ तर संपूर्ण दावण रिकामी करून जाते. तिची लस एकदा दिली की तीन वर्षे पुरते. दिवाळीनंतर कापसाच्या वेचण्या संपत आल्या की शेतकरी बकऱ्यांना पऱ्हाटीत सोडू देतात: बकऱ्यांना पाला व कच्ची बोंडे मिळतात, शेताला लेंड्या. माघ-फाल्गुनात तुरीचे आणि हरभऱ्याचे कुटार येते, केळीच्या पट्ट्यात कापलेल्या बागेची पाने येतात, चैत्रात बाभळीच्या शेंगा गळतात, ज्या पोरे पोत्यांत भरून आणतात. आणि त्यानंतरचे दोन महिने मात्र जे मिळेल ते.

या सर्व कामांत सर्वांत नाजूक काम बकरी विण्याचे. गाभण राहिल्यापासून सुमारे पाच महिन्यांनी, म्हणजे दीडशे दिवसांच्या आसपास, ती कळपातून बाजूला होते, पायाने जमीन उकरते, उठते, बसते. बहुधा रात्रीच. बहुतेक विणे विनासायास होते आणि माणसाने मध्ये न पडलेलेच बरे; परंतु पुढचे पाय आणि त्यांवर टेकलेले तोंड असा देखावा न दिसता एकच पाय किंवा शेपूट दिसले की कंदील, कोमट पाणी आणि घरातली जाणती बाई यांना धाव घ्यावी लागते. करडू बाहेर आल्यावर नाकातोंडावरचा चिकटा फडक्याने काढावयाचा, नाळ स्वच्छ पात्याने कापून आयोडीन लावावयाचे आणि अर्ध्या-पाऊण तासात त्याच्या पोटात चीक गेला पाहिजे इकडे लक्ष द्यावयाचे. जुळे असले तर दुबळ्याला आधी पाजावे. पहिलटकरीण बकरी कधी कधी स्वतःच्याच पिलाला बिचकते आणि लाथ मारते. तेव्हा एकीने तिची शिंगे धरून दुसरीने करडाचे तोंड आचळाला लावून बसावे लागते, आणि हा कार्यक्रम दिवसातून चार वेळा, ती त्याला आपले म्हणेपर्यंत चालतो. वार पडली की नाही ते पाहिल्याखेरीज कोणी झोपत नाही. सकाळी हीच बाई निंदणीच्या रोजावर वेळेवर हजर असते.

खानदेशातच नव्हे तर महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी चालू असलेला, परंतु कोणत्याही बँकेच्या दप्तरात नोंद नसलेला असा एक व्यवहार येथे सांगितला पाहिजे. तो म्हणजे अर्धलीने बकरी देण्याचा. ज्याच्यापाशी बकऱ्या पुष्कळ आणि मनुष्यबळ थोडे, तो आपली एक पाठ, म्हणजे न व्यालेली तरुण बकरी, ज्याच्यापाशी मनुष्यबळ आहे पण बकरी नाही त्याच्या दावणीला बांधतो. चारा, पाणी, राखण, औषध सर्व सांभाळणाराचे. पाठ व्याली की करडांची निम्मे-निम्मे वाटणी; एकच झाले तर पहिल्या वेताचे मालकाचे आणि दुसऱ्याचे सांभाळणाराचे, किंवा विकून पैसे अर्धे. बकरी मेली तर मालकाची, मात्र ती निष्काळजीपणाने मेली नाही अशी चार माणसांची खात्री पटली पाहिजे. तारण नाही, जामीन नाही, व्याज नाही. आहे ती केवळ जबान आणि शेजार. विधवा झालेली, माहेरी परतलेली किंवा सासरहून वेगळी निघालेली बाई पुन्हा उभी राहते ती पुष्कळ वेळा अशा एका अर्धलीच्या पाठीवर: दोन वर्षांत तीन वेते धरली, आणि वाट्याला आलेल्या करडांतल्या माद्या विकल्या नाहीत, तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी तिची स्वतःची लहानशी दावण होते. ज्या अर्थशास्त्रज्ञांना ग्रामीण पतपुरवठ्यावर प्रबंध लिहावयाचे असतील त्यांनी या प्रथेकडे जरूर पाहावे.

विक्रीचे काम मात्र पुरुषांचे. करडू वाढविणारी बाई त्याला कबऱ्या, बांड्या, लंबकान्या अशी नावे ठेवते. त्याला दोरी लावून आठवड्याच्या बाजारात नेणारा, व्यापाऱ्याशी हुज्जत घालणारा, रुमालाखाली बोटे धरून भाव ठरविणारा तिचा नवरा किंवा दीर असतो. बोकडाला गिऱ्हाईक बारमाही आहे. जाऊळ, मानता, आखाजी-दिवाळीचे पाहुणे, ढाब्यावरचे काळे मटण. परंतु खरा भाव येतो तो बकरी ईदेच्या आधीच्या पंधरवड्यात. त्या बाजारात बोकडाचे ओठ उचलून दात पाहिले जातात. दोन पक्के दात आलेला, कान-शिंग अभंग, पायात लंगड नाही, असा धिप्पाड बोकड असेल तर एरवीपेक्षा पुष्कळ अधिक रक्कम मोजण्यास गिऱ्हाईक तयार असते. म्हणून जाणते घर ईदेच्या हिशेबाने वर्षभर आधीपासून एखादा बोकड राखते, त्याला मक्याचा भरडा आणि सरकीची पेंड चारते, आणि खच्ची केलेल्या बोकडांच्या ओळीत त्याला धरीत नाही. बाजारातून आलेले पैसे कोणाच्या हाती पडतात यावर घराघरांत मतभेद आहेत. तथापि दूध-लेंड्यांचे किरकोळ पैसे बाईचे आणि बोकडाचे पैसे घरधन्याचे, ही वाटणी कोणी न लिहिताही सर्वत्र पाळली जाते.

बकरी पाळण्याला शास्त्रशुद्ध रूप देण्याची खटपट सरकारनेही केली आहे. चाळीसगाव तालुक्यात बिलाखेड येथे पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचे प्रक्षेत्र आहे. दहा शेळ्या व एक बोकड असा गट अनुदानावर देण्याच्या योजना वर्षानुवर्षे चालू आहेत, आणि त्या योजनांबरोबर जो प्रकल्प अहवाल येतो तो मी पुष्कळ वेळा बारकाईने वाचला आहे. त्यात शेडचा खर्च असतो, चाऱ्याचा असतो, विम्याचा, औषधाचा, अगदी पाण्याच्या बादलीचाही असतो. मजुरी या रकान्यात मात्र 'घरची' असा एक शब्द लिहून पुढे शून्य मांडलेले असते.

हे शून्य जरा फोडून पाहू. समजा, दहा बकऱ्यांच्या दावणीला झाडलोट, धार, पाला, पाणी, राखण आणि आजारपण मिळून घरातील सर्वांचे दिवसाचे सहा तास लागतात. ज्यांनी हे काम केले आहे ते हा आकडा कमीच म्हणतील. रोजगार हमीचा महाराष्ट्रातील २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. आठ तासांचा दिवस धरला तर सहा तासांचे २३४ रुपये, आणि बकरीला रविवार नसल्यामुळे ३६५ दिवसांचे ८५,४१० रुपये होतात. आता जमेची बाजू. दहा बकऱ्यांची मरतूक, भाकड वजा जाता वर्षाला अठरा करडे विक्रीस निघाली आणि प्रत्येकाचे सरासरी पाच हजार आले असे धरू, तर ९०,००० रुपये. शिल्लक ४,५९० रुपये, आणि त्यातून पेंड, लस व औषध अजून भागवावयाचे आहे. म्हणजे ज्याला आपण शेळीपालनाचा नफा म्हणतो तो जवळजवळ सर्वच्या सर्व घरातील माणसांची, विशेषतः बायकांची, न दिलेली मजुरी आहे. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशात प्रथमच वेळेच्या वापराची जी पाहणी केली तिच्यात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला २९९ मिनिटे आणि पुरुष ९७ मिनिटे घालवितात असे आढळले. दावणीची मिनिटे त्या २९९ च्या वरची.

यावर कोणी म्हणेल की मग हा आतबट्ट्याचा धंदा लोक करतात कशाला? उत्तर सरळ आहे. हे सहा तास गावात दुसरे कोणी विकत घेत नाही. पहाटेचा एक, दुपारचा अर्धा, रात्रीचा एक, म्हाताऱ्याचे तीन, पोराचा अर्धा अशा तुकड्यांना कोणत्याही मालकापाशी भाव नाही. बकरी मात्र ते सारे तुकडे गोळा करून आखाजीच्या तोंडाशी किंवा शाळेच्या फीच्या वेळी रोख रकमेच्या रूपाने परत करते. अवर्षणात कपाशी बुडते, बकरी बाभळीवर जगते. म्हणून मी या धंद्याला नावे ठेवणार नाही. नावे ठेवावयाची ती रकान्यातल्या शून्याला.

त्या शून्याचा परिणाम कागदापुरता राहत नाही. धुळे तालुक्यातील लामकानी गावाने डॉ. धनंजय नेवाडकर यांच्या पुढाकाराने आपल्या उजाड टेकड्यांवर चराईबंदी व कुऱ्हाडबंदी लागू केली आणि काही वर्षांत तेथे पुन्हा गवत उभे केले. साक्री तालुक्यातील बारीपाड्याने चैत्राम पवार यांच्या नेतृत्वाखाली जंगल राखले, आणि त्याबद्दल पवारांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. ही कामे निःसंशय मोलाची आहेत. मोकाट चराईने टेकड्या बोडक्या होतात हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि कोवळा शेंडा खाण्याची बकरीची खोड रोपट्याच्या जिवावर उठते हेही खरे. परंतु डोंगर कुठेही बंद झाला की बकरीचे चालणे थांबते, खाणे थांबत नाही. पूर्वी जे अंतर ती चार पायांनी तोडीत असे ते आता पाल्याचा भारा डोक्यावर घेतलेली बाई दोन पायांनी तोडते. ज्या गावसभेत बंदीचा ठराव होतो तेथेच, त्याच दिवशी, हा भारा कोण वाहणार याचाही ठराव व्हावयास हवा.

उपाय काही अवघड नाहीत. बांधावर शेवरी, सुबाभूळ, हादगा लावला, सांडपाण्यावर चार वाफे दशरथ घास केला, तर पाला घराजवळ येतो. उमेद अभियानातील पशुसखी लस आणि जंताचे औषध दारात आणते, त्यामुळे तालुक्याच्या दवाखान्याची फेरी आणि बुडालेला रोज वाचतो. आणि विजेवर चालणारी एक कडबाकुट्टी असली तर संध्याकाळचा तासभर तरी कमी होतो, शिवाय दांडे वाया जात नाहीत. कडबाकुट्टीला सरकारी अनुदानही आहे. मात्र त्या अर्जाला सातबारा जोडावा लागतो, आणि ती कुट्टी रोज जिच्या हाताखाली चालणार तिचे नाव बहुतेक सातबाऱ्यांवर नसते.